थंडीत घारी-घुबडांचं उपचार केंद्र कसं सांभाळावं

महाराष्ट्रात शिकारी पक्ष्यांच्या उपचार केंद्राला सगळ्यात जड जाणारा काळ म्हणजे दिवाळी ते होळी. दिवाळीच्या सुमारास फटाक्यांनी बिथरलेली आणि जादूटोण्यासाठी पकडलेली, पिसं छाटलेली घुबडं येतात. जानेवारीत मांजाने कापलेल्या घारी येतात. त्याच वेळी नाशिक, पुणे, नागपूर भागात रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरलेला असतो.

नवीन माणूस आला की त्याला वाटतं, पक्ष्यांना थंडी वाजत असेल, हीटर लावा. धडधाकट घारीला त्याची गरज नसते. तिच्या शरीराचं तापमान ४० ते ४१ अंश सेल्सिअस असतं, आणि कोरडी पिसं फुलवून पोटभर जेवलेली घार आठ अंशांतही रात्र सहज काढते. जीव जातो तो ओल, वाऱ्याचा झोत आणि रिकामं पोट या तिघांनी. त्यामुळे आधी कोरडेपणा, मग आडोसा, मग खाणं, आणि हीटर सगळ्यात शेवटी, तोही फक्त आजारी पक्ष्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घार, घुबड, शिक्रा, गरुड हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. जखमी पक्षी ताब्यात घेतला की ४८ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि केंद्र वनखात्याच्या परवानगीनेच चालतं. घरी ठेवून उपचार करायचा विचार मनात आणू नका. तुमच्या भागात केंद्र नसेल तर वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

पिंजऱ्यांची डागडुजी: पहिल्या थंडीच्या आधी

पावसाळ्याची ओल मुरलेला पिंजरा तसाच हिवाळ्यात नेला की बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसात जाते. ॲस्परजिलोसिस हा बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार, आणि तोच मोठा धोका. त्याचा संशय येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागतो, आवाज बदलतो, वजन उतरत जातं. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात पिंजरे पूर्ण रिकामे करा. जुनं गोणपाट, काथ्या, भुगा बाहेर काढा. ओलसर पेंढा आणि उसाचं चिपाड आत नकोच, बुरशी तिथेच वाढते. आजारी पक्ष्याच्या खोलीत खाली रोज बदलायचा वर्तमानपत्राचा कागद घाला. उडायच्या पिंजऱ्यात धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी चालते.

हिवाळी वारा आपल्याकडे उत्तर आणि ईशान्येकडून येतो. त्या बाजूला जमिनीपासून साधारण पाऊण उंचीपर्यंत बांबूचा तट्ट्या किंवा ताडपत्री बांधा आणि वरचा पाव भाग मोकळा ठेवा. पूर्व आणि दक्षिण बाजू उघडी हवी, कारण सकाळी आठ-साडेआठचं ऊन पक्ष्याच्या अंगावर पडलं पाहिजे. हमखास होणारी चूक म्हणजे चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळणं. रात्री आत वाफ धरते, विष्ठेतला अमोनिया साठतो, आणि पहाटे छतावरून पाणी ठिबकून पक्षी भिजतो. याहून उघडा पिंजरा परवडला.

झोपायची काठी आडोशाच्या बाजूला आणि छताखाली असावी, म्हणजे दव अंगावर पडत नाही. अंघोळीचं पसरट भांडं सकाळी दहाला ठेवा आणि दुपारी दोनला उचला. घारीला डुंबायला फार आवडतं. संधी मिळाली तर ती पाच वाजताही भिजेल, आणि मग रात्रभर ओली बसेल. गव्हाणी घुबडाच्या बाबतीत तर आणखी काटेकोर राहा. त्याची पिसं आवाज न करता उडण्यासाठी मऊ असतात, ती पाणी झटकत नाहीत, शोषून घेतात. प्यायचं पाणी मात्र लहान जड भांड्यात कायम असू द्या.

आजारी पक्ष्यासाठी ऊबेची पेटी

रक्त गेलेल्या, उपाशी, शॉकमध्ये असलेल्या पक्ष्याला स्वतःची उष्णता टिकवता येत नाही. त्याला २८ ते ३० अंश लागतात. प्लायवूडची किंवा जाड प्लास्टिकची पेटी घ्या, घारीसाठी साधारण अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एका टोकाला जाळीच्या आवरणात सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट बसवा. दुसरं टोक थंडच राहू द्या, म्हणजे पक्ष्याला सरकता येतं. थर्मामीटर पक्षी बसतो त्या उंचीवर लावा. झाकणाला चिकटवलेला थर्मामीटर चार-पाच अंश जास्त दाखवतो आणि पक्षी खाली गारठत राहतो.

आकड्यापेक्षा पक्षी काय सांगतो ते बघा. पिसं फुलवून, डोळे मिटून हीटरला चिकटला असेल तर ऊब कमी पडतेय. पंख अंगापासून दूर धरले आणि चोच उघडून धापा टाकू लागला तर लगेच कमी करा.

वीज गेली तर एक लिटरची गरम पाण्याची बाटली दोन पदरी टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा आणि दर दोन तासांनी बदला. विसरलात तर थंड झालेली बाटली उलट पक्ष्याचीच ऊब खेचते.

कोळशाची शेगडी कधीही लावू नका. पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्या शरीरभर पसरलेल्या असतात, आणि विषारी हवा आपल्या आधी त्यांना मारते. मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर यांनाही त्या खोलीत मज्जाव. शेजारी स्वयंपाकघर असेल तर नॉनस्टिक भांडं रिकामं तापू देऊ नका. त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत संपवतो. काही हीट बल्बांनाही तसाच लेप असतो, तेव्हा विकत घेताना वेष्टन वाचून घ्या.

आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

हा क्रम चुकला की पक्षी हातचा जातो. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागेल इतका रोडावलेला पक्षी आला की दयेपोटी त्याला लगेच मटण भरवलं जातं. गारठलेल्या, कोरड्या पडलेल्या शरीरात आतडी चालत नाहीत. मांस गळ्याच्या पिशवीत पडून सडतं आणि सकाळी पक्षी मेलेला सापडतो.

पहिल्यांदा पेटीत ठेवून अंग गरम होऊ द्या. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ३८-३९ अंशांपर्यंत कोमट केलेलं रिंगर लॅक्टेट (क्षारांचं द्रावण). तोंडावाटे द्यायचं असेल तर पक्षी मान सरळ धरू शकतो ना, हे आधी बघा. नळी घशात पुरेशी खोल गेली पाहिजे, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. एका वेळी वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे ६०० ग्रॅमच्या घारीला जास्तीत जास्त ३० मिली, आणि सुरुवात त्याच्या निम्म्याने. विष्ठा व्हायला लागली की पातळ आहार, तो पचला की हाड-पिसं नसलेले मांसाचे बारीक तुकडे, आणि सगळ्यात शेवटी आख्खं भक्ष्य. पूर्ण उपाशी पक्ष्याला या पायऱ्या चढायला तीन-चार दिवस लागतात. घाई करू नका.

रोजचं खाणं

घारीला रोज वजनाच्या १० ते १५ टक्के खाणं लागतं. शिक्रा, पिंगळा यांसारख्या लहान पक्ष्यांना २० ते २५ टक्के. कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला यावर साधारण पाचवा हिस्सा वाढवा, आणि मग वजन बघून ठरवा.

नुसतं बोनलेस चिकन घालू नका. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, आणि वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात. आख्खा उंदीर, आख्खी लावी, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं हे योग्य खाणं. कबुतर टाळा. त्यांच्या घशात असणारा ट्रायकोमोनास हा परजीवी शिकारी पक्ष्याच्या तोंडात पिवळट थर धरतो आणि गिळणं बंद करतो. बाहेर पकडलेला उंदीरही नको, त्याने विष खाल्लेलं असू शकतं. केंद्रात गिधाड असेल तर त्याच्या मांसाची चौकशी जनावराच्या मालकापर्यंत जाऊन करा. गिधाडांना मारणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली, तरी माणसांचं औषध जनावरांना टोचणं थांबलंय असं गृहीत धरू नका. केंद्रात वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅमच ठेवतात, ते याचसाठी.

गोठवलेलं खाणं उणे १८ अंशांत ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा. आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवलं की १२ ते १८ तासांत ते सुटतं. हिवाळ्यात बाहेर गारच आहे म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवायचा मोह होतो. बारा अंशांची रात्र आपल्याला थंड वाटते, जंतूंना नाही. देण्याआधी बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात दहा मिनिटं धरा. आतून बर्फ राहिलेला उंदीर गळ्याच्या पिशवीत गेला तर पचन थांबतं. एकदा सुटलेलं परत गोठवू नका.

सुदृढ घारीला तीन-चारच्या सुमारास एकदाच पोटभर द्या. पचनाची ऊब रात्री कामी येते. आजारी पक्ष्याला दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, शेवटचं पाचच्या आत, आणि रात्रीच्या फेरीत बोटाने गळ्याची पिशवी चाचपा. तेव्हाही ती दुपारइतकीच भरलेली लागली तर पेटीची ऊब तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. घुबडांना अंधार पडताना द्या. पिसं-केस असलेलं खाणं खाल्ल्यावर न पचलेल्या भागाची गुठळी पक्षी दुसऱ्या दिवशी तोंडावाटे टाकतो. ती सापडेपर्यंत पुढचं खाणं देऊ नका. कोरडी, घट्ट, वास नसलेली गुठळी म्हणजे पचन ठीक. ओली आणि आंबूस असेल तर डॉक्टरांना दाखवा.

वजनाचा तक्ता

शिकारी पक्षी आजार लपवतो. तो काठीवर ताठ बसलेला दिसतो आणि आतून खंगत असतो. म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हे केंद्रातलं सगळ्यात मोलाचं उपकरण. रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच वेळी, त्याच कापडी पिशवीसह वजन घ्या आणि पिशवीचं वजन वजा करा. वजन, कालचं खाणं, गुठळी टाकली का, विष्ठेचा रंग, एवढं फळ्यावर लिहा. एका दिवसात ५ टक्के उतरलं तर कारण शोधा, दोन-तीन दिवसांत १० टक्के उतरलं तर तपासणी झालीच पाहिजे. हिरवी गडद विष्ठा बहुतेक वेळा उपाशी पोटाची खूण असते. उडायच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना रोज पकडणं त्रासदायक, त्यांचं आठवड्यातून एकदा पुरे.

संक्रांतीची तयारी

येवल्यात भोगी, संक्रांत, करीदिन असे तीन दिवस आसाऱ्या (मांजाच्या फिरक्या) खाली ठेवल्या जात नाहीत, आणि नागपुरातही गच्च्या भरलेल्या असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि काचेचा लेप दिलेल्या कृत्रिम मांजावर बंदी घातली, तरी तो विकला जातो, आणि सण संपल्यावर झाडांत अडकलेला मांजा पुढे महिनोन्महिने कापत राहतो. केंद्राने १० जानेवारीपर्यंत सज्ज असावं आणि महिनाअखेरपर्यंत जादा माणसं ठेवावीत.

रोज वीस पक्षी येतील असं धरलं तर झाकणाचे ४० पुठ्ठ्याचे खोके (दीड बाय एक बाय एक फूट, खालच्या बाजूला पेनाच्या जाडीची दहा-बारा भोकं), जुने सुती टॉवेल ५०, सलाईनच्या बाटल्या ३०, निर्जंतुक गॉज, ५ सेंटीमीटर रुंदीची स्वतःला चिकटणारी पट्टी, बोथट टोकाच्या कात्र्या आणि चामडी हातमोजे इतकं हाताशी हवं. एका खोक्यात एकच पक्षी. तारेचा पिंजरा आणू नका, त्यात धडपडून पिसं तुटतात आणि चोचीवरची कातडी सोलते.

स्वयंसेवकांना शिकवायच्या गोष्टी मोजक्या, पण त्या घोकून घ्या. पक्ष्यावर मागून टॉवेल टाका आणि डोकं झाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की तो शांत होतो. मग आधी पाय धरा, कारण घारीची चोच ओरखडते, नखं मात्र आत घुसतात. छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो, आणि घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

जखमेत अडकलेला मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच शेपूट ठेवून कापा आणि आतला तुकडा डॉक्टरांसाठी राहू द्या. ओढला की करवतीसारखा स्नायूबंध कापत जातो. रक्त वाहत असेल तर गॉज धरून पाच मिनिटं सलग दाब द्या, मधेच उचलून बघू नका. हळद, कॉफी, राख काहीही भरू नका. पंखाच्या पुढच्या कडेची त्वचा आणि तिच्यातला स्नायूबंध उघडा पडला की काही तासांत वाळून मरतो, आणि वर हळदीचा थर असेल तर साफ करताना उरलेलाही जातो. सलाईनमध्ये भिजवलेला गॉज ठेवून तो ओला राखा. त्या ओल्या गॉजवर सुकी पट्टी मात्र हवीच, नाहीतर पक्षी गारठतो. मग खोका बंद करून निघा. वाटेत खाणं नको, पाणी नको, फोटो नको.

केंद्रात आल्यावर रक्तस्राव आणि श्वासाचा त्रास असलेले पहिले, उघडी हाडं आणि स्नायूबंध दुसरे, नुसते थकलेले तिसरे. प्रत्येक खोक्यावर सापडल्याचं नेमकं ठिकाण लिहा. "नाशिक" असं लिहून उपयोग नाही, गल्ली किंवा झाड हवं, सोडताना तेच लागतं.

पंख नैसर्गिक घडीत बांधून ठेवला की रक्त थांबायला आणि जखम मिटायला मदत होते, पण तो आठवडाभर तसाच राहिला तर पुढच्या कडेची त्वचा आखडते आणि पंख पुन्हा पूर्ण उघडत नाही. दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांनी भूल देऊन तो हळू ताणून बघायला हवा. संक्रांतीच्या गर्दीत हेच सुटतं, म्हणून पट्टी बांधल्याची तारीख थेट पट्टीवर मार्करने लिहा. पंख सांध्यातूनच गेला असेल तर पुढचा निर्णय डॉक्टर आणि वनाधिकारी मिळून घेतात. आयुष्यभर कोपऱ्यात बसवून ठेवणं म्हणजे दया नव्हे, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पाय आणि शेपूट

आठ-पंधरा दिवस पेटीत बसलेल्या पक्ष्याची जखम भरते आणि पायांना फोड येतात. सारख्या एकाच जाडीच्या गुळगुळीत काठीवर बसून तळव्याची कातडी आधी लाल आणि चकचकीत होते, मग खपली धरते, मग जंतू आत हाडापर्यंत जातात. दोन वेगवेगळ्या जाडीच्या काठ्या द्या, कृत्रिम हिरवळीचा तुकडा किंवा काथ्याची दोरी गुंडाळा, आणि दवाने ओली झालेली दोरी उन्हात वाळवा. तळवे दर आठवड्याला बघा.

शेपटीला पहिल्याच दिवशी आवरण घाला. जुनी एक्स-रे फिल्म कोमट साबणाच्या पाण्याने धुवून शेपटीपेक्षा दोन सेंटीमीटर लांब कापा. बंद शेपटीभोवती पाकिटासारखी दुमडा, कडेला टेप लावा, वरच्या टोकाला पिसांच्या बुडाशी कागदी टेपने अडकवा. गुदद्वार मोकळं राहिलं पाहिजे. आत विष्ठा शिरली तर त्याच दिवशी बदला. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर बरी झालेली घार नुसत्या तुटक्या शेपटीपायी पुढची पिसं येईपर्यंत महिनोन्महिने अडकून पडते.

बर्ड फ्लूचे महिने

हा आजारही याच मोसमात डोकं वर काढतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले. कच्ची कोंबडी खाऊ घालणाऱ्या प्रत्येक केंद्रासाठी हा इशारा आहे. परिसरात साथ जाहीर झाली की कोंबडी आणि लावी दोन्ही बंद करा आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांवर या. तो साठा नोव्हेंबरमध्येच फ्रीझरमध्ये असायला हवा, साथ आल्यावर मिळत नाही. नवीन पक्षी वेगळ्या खोलीत किमान १४ दिवस, त्यांचे मोजे, टॉवेल, चपला वेगळ्या. एकाच भागातून मान वाकडी झालेले, गोल फिरणारे कावळे किंवा घारी एकामागून एक येऊ लागल्या तर आत घेण्याआधी पशुसंवर्धन विभागाला कळवा, आणि मास्क व हातमोज्यांशिवाय खोका उघडू नका.

सोडताना

उडायचा पिंजरा घारीसाठी किमान ३५-४० फूट लांब हवा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सलग दहा-बारा फेऱ्या मारून ती चोच न उघडता बसली, दोन्ही पंख सारखे उघडले, तळवे स्वच्छ आहेत आणि वजन आठवडाभर स्थिर आहे, तरच सोडायचा विचार करा.

१० ते २० जानेवारी या दिवसांत पतंगांच्या गावात कोणालाही सोडू नका. त्यानंतर मात्र घारीला उगाच ठेवूनही घेऊ नका. हिवाळा हा आपल्याकडच्या घारींचा विणीचा काळ असतो, आणि प्रौढ घारीचं घरटं सापडल्या जागेच्या आसपासच असण्याची शक्यता मोठी. तिला तिथेच सोडा, सकाळी दहाच्या पुढे. त्याआधी जमीन तापलेली नसते, वर चढणारी हवा मिळत नाही, आणि बरेच दिवस बंद राहिलेल्या पक्ष्याला पहिल्याच दिवशी नुसते पंख मारत राहावं लागतं. घुबडाला संधिप्रकाशात सोडा, दिवसा सोडलं तर कावळे मागे लागतात. घारीला आदल्या संध्याकाळी पोटभर खायला घाला, पण सोडायच्या सकाळी गळ्याची पिशवी रिकामी असू द्या.

पाहुण्यांचा हिशेब वेगळा. माळरानावरचे भोवत्या (हॅरियर), केस्ट्रेल, स्टेपी गरुड हे फक्त हिवाळ्यापुरते आपल्याकडे असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला निघतात. असा पक्षी आला की फळ्यावर नावापुढेच "मार्च" लिहा. उपचार, उड्डाणाचा सराव, सगळं त्या तारखेवरून मागे मोजत आखा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे उडण्याच्या ताकदीसाठी राखून ठेवा. मार्चअखेरपर्यंत तो तयार होत नसेल तर अर्धवट ताकदीत सोडू नका. उन्हाळा आणि पावसाळा सावलीच्या, हवेशीर पिंजऱ्यात काढू द्या, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच्या जातीचे नवे पक्षी माळावर उतरलेले दिसले की त्यांच्यात सोडा.